वासाचे कुंपण

पावसाळा लागला, ओढ्या-नाल्यांना पाणी आले, की शेतकऱ्याच्या घरी आनंद येतो. आणि त्याच्या पाठोपाठ एक बिनबोलावता पाहुणाही येतो. दिवेलागण झाली की तो कानाशी गुणगुणू लागतो. गोठ्यात धार काढणाऱ्या बाईला तो सोडत नाही, ओसरीवर अभ्यासाला बसलेल्या पोराला सोडत नाही, आणि पाळण्यातल्या तान्ह्या बाळाला तर मुळीच सोडत नाही. या पाहुण्याचे नाव डास. चावला आणि खाज सुटली, एवढ्यावर त्याचा पाहुणचार संपता तर आज त्याच्याविषयी बोलण्याचे कारण नव्हते. पण त्याच्या सोंडेतून हिवताप येतो, डेंगी येतो, चिकुनगुन्या येतो, हत्तीरोग येतो. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस थंडीताप भरून आठ दिवस अंथरुणाला खिळला, तर त्या घराचा अख्खा हंगाम हातचा जातो, हे तुम्हांला मी सांगायला नको.

म्हणून खेडोपाडी एक प्रश्न हमखास विचारला जातो. "बाजारातली औषधं राहू द्या हो, आपल्या परसात, आपल्या रानात डास पळवणारं काही नाही का? कुणी म्हणतं गवती चहा लावा, कुणी म्हणतं निंबोळीचं तेल चोळा, कुणी लवंगेचं नाव घेतं. यात खरं किती?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे: त्यात तथ्य आहे, पण जेवढे सांगितले जाते तेवढे नाही. कोठवर खरे आणि कोठून पुढे भाबडेपणा, ही रेघ ओळखता आली पाहिजे. ती ओळखता आली तर हे तेल कामाचे. नाही आली तर तेलाच्या भरवशावर माणूस मच्छरदाणी गुंडाळून ठेवतो, आणि घात होतो.

आधी डासाला आपण सापडतो कसे, ते पाहू. चावते ती डासाची मादी. नराला रक्ताची गरज नसते. तो फुलांतल्या आणि झाडांतल्या गोड रसावर जगतो. मादीचेही पोट त्या रसावर भरते, पण अंडी तयार व्हायला तिला रक्त लागते. हे रक्त ती शोधते वासावरून. आपण श्वास सोडतो, त्यातून कर्बवायू बाहेर पडतो. त्याचा माग तिला बऱ्याच अंतरावरून लागतो. जवळ आली की तिला घामाचा वास लागतो, अंगाची ऊब जाणवते, आणि ती बरोबर उघड्या पायावर येऊन बसते. तिच्या डोक्यावर ज्या दोन बारीक मिशा असतात, तेच तिचे नाक.

हिवताप या मादीमार्फत पसरतो हे कळायला १८९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबाद येथे सर रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफेलीस जातीच्या डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी शेकडो वर्षे लोकांची समजूत होती की दलदलीच्या कुबट हवेतून हा ताप येतो. दलदल आणि ताप यांचा संबंध लोकांनी बरोबर ओळखला होता. मधला दुवा मात्र हातात नव्हता.

आता तेलाकडे वळू. तेल या एकाच शब्दाखाली आपण दोन निराळ्या वस्तू बोलतो. एक गोडे तेल, खोबरेल, करडीचे तेल, निंबोळीचे तेल. ही घाण्यात बी पिळून निघतात, चिकट असतात आणि उडून जात नाहीत. दुसरी सुगंधी तेले, म्हणजे उडून जाणारी तेले. गवती चहाचे पान चुरगळले की बोटांना जो वास लागतो, संत्र्याची साल दुमडली की जो फवारा उडतो, तुळशीच्या मंजिरीत जो दरवळ असतो, ते हे तेल. पानांतल्या, सालीतल्या बारीक पिशव्यांत ते साठलेले असते.

गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. टीपकागदाच्या एका तुकड्यावर खोबरेलाचा एक थेंब टाका, दुसऱ्यावर निलगिरी तेलाचा एक थेंब टाका, आणि दोन्ही तुकडे सावलीत ठेवा. काही वेळाने पाहाल तर निलगिरीचा डाग जवळजवळ गेलेला असेल आणि खोबरेलाचा डाग दुसऱ्या दिवशीही जिथल्या तिथे असेल. आजच्या भाषणाचा निम्मा सारांश या दोन कागदांत आहे. सुगंधी तेल उडते म्हणून त्याचा वास डासाच्या नाकापर्यंत पोहोचतो. आणि उडते म्हणूनच ते लवकर संपते. त्याचा गुण तोच, आणि दोषही तोच.

हे तेल काढतात कसे? पानांत पाणी घालून नुसते उकळले तर तेल वाफेबरोबर निघून जाते. गवती चहा घालून चहा उकळला की घरभर वास सुटतो ना? ते तेलच हवेत चाललेले असते. म्हणून भट्टीवर बंद भांड्यात गवत भरून त्यातून वाफ सोडतात, ती वाफ नळीने थंड पाण्यातून नेतात, आणि थंड होऊन जे पाणी पडते त्यावर तेलाचा तवंग येतो. तो वरचेवर काढून घ्यायचा. जावा सिट्रोनेला नावाचे गवत घेतले तर शंभर किलो ताज्या गवतातून एक किलोच्या आसपासच तेल निघते. तेव्हा अस्सल तेल स्वस्त का मिळत नाही, हे ध्यानात येईल.

या विद्येशी आपल्या महाराष्ट्राचे जुने नाते आहे. खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी रोशा नावाचे गवत रानोमाळ उगवते. कुणी त्याला रोहिष म्हणतात, कुणी तिखाडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथे नाल्याकाठी, पाण्याच्या सोयीने, रोशाच्या भट्ट्या लागत. ते तेल मुंबईच्या बंदरातून बाहेर जाई आणि तुर्कस्तानात पोहोचे. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, आणि युरोपच्या बाजारात त्याला तुर्की तेल म्हणून ओळखत. तेल आपल्या रानचे आणि नाव परक्याचे! या रोशा तेलात जेरॅनिऑल नावाचे द्रव्य सर्वांत अधिक असते. तेच द्रव्य सिट्रोनेलाच्या तेलातही असते, आणि डासाला न मानवणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना होते.

तर डासाला नकोशा वाटणाऱ्या तेलांत पहिले नाव सिट्रोनेलाचे. जुन्या काळापासून फौजेतले शिपाई आणि शिकारी हे तेल अंगाला लावत आले. त्याच्या पाठोपाठ रोशा, गवती चहा, लवंग, आणि लिंबाच्या वासाची निलगिरी. निलगिरीच्या दोन जाती येथे लक्षात घ्या. सर्दीपडशाला आपण हुंगतो ती साधी निलगिरी. डासांवर तिचा जोर बेताचा. दुसरीच्या पानाला लिंबासारखा वास येतो. तिच्या तेलावर प्रक्रिया करून पीएमडी नावाचे द्रव्य मिळवतात. वनस्पतीपासून मिळणाऱ्या डासरोधकांत हे सर्वांत भरवशाचे ठरले आहे, आणि अमेरिकेच्या आरोग्य खात्यानेही त्याची शिफारस केली आहे. पण ही शिफारस प्रक्रिया केलेल्या, प्रमाण ठरवलेल्या औषधाची आहे, बाटलीतल्या कच्च्या तेलाची नव्हे. आणि तीन वर्षांखालील मुलांना तेही लावू नये असे सांगितले जाते.

निंबोळीचे तेल खरे तर सुगंधी तेलांत बसत नाही. ते घाण्याचे तेल, आणि त्याचा वास काय असतो ते तुम्ही जाणताच! पण ते उडून जात नाही, म्हणून अंगावर टिकते. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, खोबरेलात शेकडा दोन या प्रमाणात निंबोळी तेल मिसळून लावले असता हिवतापाच्या डासांपासून रात्रभर चांगले संरक्षण मिळाल्याचे दिसले. पुढे इतर ठिकाणच्या प्रयोगांत मात्र इतका चांगला गुण दिसला नाही. तेव्हा निंबोळी तेल जरूर वापरावे, पण त्याच्या एकट्याच्या हवाली घर करू नये.

आता मुख्य प्रश्न: हे तेल टिकते किती वेळ? अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. माणसांनी हाताला निरनिराळी औषधे लावून ते हात डासांच्या पिंजऱ्यात घातले आणि पहिला डास किती वेळाने चावला ते घड्याळ लावून मोजले. सिट्रोनेलाची बहुतेक औषधे वीस मिनिटेही टिकली नाहीत. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचे औषध सुमारे दोन तास टिकले. डीट नावाचे जे रासायनिक औषध आहे, ते शेकडा चोवीसच्या आसपास प्रमाणात असता सुमारे पाच तास टिकले. आणि मनगटावर बांधायचे जे वासाचे पट्टे मिळतात, ते अर्धा मिनिटसुद्धा टिकले नाहीत! पट्टा मनगटावर आणि डास कोपरावर, असा तो प्रकार.

म्हणून मी या तेलांना वासाचे कुंपण म्हणतो. शेताला आपण काट्यांचे कुंपण घालतो. ते गुरांना अडवते, पण ऊन-पावसाने कुजते, दरवर्षी नवे घालावे लागते, आणि डुकरांचा कळप आला तर तेवढ्याने भागत नाही. हे वासाचे कुंपण तर मिनिटामिनिटाला उडते आहे. वीस मिनिटांनी म्हणा, फार तर तासाभराने म्हणा, ते पुन्हा घालावे लागते. घाम आला, तोंड-हात धुतले, वारा सुटला, तर त्याहूनही लवकर.

मग त्याचा उपयोग कोणत्या वेळी करावा? दिवस मावळल्यापासून अंथरुणावर मच्छरदाणीत शिरेपर्यंत जो तास-दोन तासांचा वेळ असतो, त्या वेळी. धार काढताना, चुलीपुढे बसताना, ओसरीवर भजनाला किंवा बैठकीला बसताना, पिकाला पाणी द्यायला रात्री मळ्यात जाताना. तेथे मच्छरदाणी सोबत नेता येत नाही; तेथे हे कुंपण कामाला येते.

तेल तयार करण्याची रीत नीट ऐका. सुगंधी तेल कधीही नुसते अंगाला लावू नये. कातडीची आग होते, पुरळ उठते, आणि एकदा का अंगाला वावडे जडले की ते जन्मभर राहू शकते. सिट्रोनेलाचे किंवा रोशाचे तेल एक लहान चमचा आणि खोबरेल एकोणीस-वीस चमचे, एवढे प्रमाण पुरे. गवती चहाचे आणि लवंगेचे तेल याहून पुष्कळ जहाल. वीस चमचे खोबरेलात त्याचे दहा थेंब, अधिक नको. निंबोळी तेल वापरायचे तर पन्नास चमचे मिश्रणात एक चमचा. खोबरेलाचा फायदा दुहेरी आहे: तेल सौम्य होते, आणि त्याचे उडणे थोडे मंदावते.

लावण्यापूर्वी एक काळजी घ्या. तयार मिश्रणाचा थेंबभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पहा. लाली, खाज, पुरळ काही आले नाही, तरच पुढे जा. मग उघड्या राहिलेल्या सर्व अंगाला पातळ थर लावा: घोटे, पोटऱ्या, हात, मान. डास घोट्यांना आणि पोटऱ्यांना फार धरतात, आणि नेमके तेच आपण विसरतो. डोळ्यांजवळ, ओठांवर, जखमेवर लावू नका. मुलांच्या तळहातांना लावू नका, कारण ते हात तोंडात आणि डोळ्यांत जातात. तान्ह्या बाळाला यातले काहीएक लावू नये. त्याचे औषध म्हणजे मच्छरदाणी. लहान मुलांना आणि गरोदर बाईला लावायचे झाले तर आधी दवाखान्यात विचारावे.

आणि हे तर ओरडून सांगितले पाहिजे: ही तेले पोटात घ्यायची नाहीत. निलगिरी तेल, कापूर, निंबोळी तेल ही लहान मुलाच्या पोटात थोडी जरी गेली तरी आकडी येते, शुद्ध हरपते, जीवावर बेतते. "झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. अहो, धोत्राही झाडपालाच आहे! बाटली गडद काचेची घ्या, बूच घट्ट लावा, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा, आणि चुलीपासून, दिव्यापासून दूर ठेवा, कारण हे तेल पेट घेते. विकत घेताना बाटलीवर कोणत्या झाडाचे तेल ते लिहिले आहे का पहा. नुसता 'सुगंध' म्हणून जे मिळते ते पुष्कळदा प्रयोगशाळेत बनवलेले अत्तर असते. टीपकागदाची परीक्षा इथेही कामी येते: डाग चिकट राहिला तर त्यात दुसरे तेल मिसळले आहे असे समजा.

आता दोन-तीन गैरसमज निस्तरले पाहिजेत. पहिला: दारात तुळस, गवती चहा, झेंडू लावला की डास फिरकत नाहीत. श्रोतेहो, तेल पानाच्या पिशवीत बंद असते. पान चुरगळले नाही तोवर ते बाहेर यायचे नाही. तुळशीला पाणी घाला, तिची पूजा करा, खोकल्याला काढा करा. पण ती पहारा करील ही अपेक्षा धरू नका. उलट कुंडीखालच्या थाळीत पाणी साचले, तर तिच्या पायाशीच डास जन्म घेतील.

दुसरा गैरसमज धुराचा. कडुनिंबाचा पाला आणि शेण्या पेटवून धूर केला की डास हटतात, हे खरे. धूर आहे तोवरच हटतात, हेही खरे. पण तोच धूर आपल्या आणि पोरांच्या छातीत जातो. गोठ्यात, दारे उघडी ठेवून थोडा वेळ केला तर समजू शकते. निजायच्या खोलीत कोंडून करू नये. दम्याच्या माणसाला आणि लहान बाळाला त्याचा त्रास डासाहून कमी नाही.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक: तेल लावले म्हणजे झाले. असे पहा, एका मादीने शंभर-दीडशे अंडी घातली, आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याची अळी, अळीचा कोष आणि कोषाचा डास झाला. तुम्ही दहा डास वासाने हटवले. तोवर मागच्या अंगणातल्या फुटक्या माठात शंभर तयार झाले. हटवलेला डास मरत नाही. तो तुम्हांला सोडतो आणि तेल न लावलेल्या शेजाऱ्याकडे जातो. जंतू घेऊन फिरणारी मादी गावात आहे तोवर कुणाच्या ना कुणाच्या घरी ताप जायचाच.

डासांच्या जाती ओळखल्या तर बंदोबस्त सोपा होतो. हिवतापाचा ॲनॉफेलीस बहुधा स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो: ओढ्याचे डोह, पाटाच्या कडेची डबकी, भातखाचरे, विहिरी. तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. भिंतीवर बसला की त्याची शेपटी वर उचललेली असते, जणू भिंतीत तिरपा खिळा ठोकला आहे. हत्तीरोगाचा क्युलेक्स गटारात, घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो, आणि बसताना भिंतीला समांतर बसतो. डेंगीचा एडिस काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. तो घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. रांजण, हौद, टाकी, टाकून दिलेले टायर, नारळाच्या करवंट्या ही त्याची घरे. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटले तरी महिनेन् महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांड्याची कड घासली पाहिजे.

आठ-दहा दिवसांत डास तयार होतो, यावरूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याची चाल निघाली. त्या दिवशी घरातली सगळी पाण्याची भांडी रिकामी करावी, घासावी, पुसावी, कोरडी करावी आणि मग भरावी. जे रिकामे करता येत नाही ते फडक्याने किंवा झाकणाने घट्ट झाकावे. मोठ्या हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात. संडासाच्या वायुनळीला जाळी बांधावी. आणि रात्री मच्छरदाणी, तीही काठ गादीखाली नीट खोचलेली. सरकारकडून औषध भारलेली मच्छरदाणी मिळाली असेल तर ती पेटीत जपून ठेवू नका आणि मासे धरायला तर मुळीच नेऊ नका. गडचिरोलीसारख्या, हिवताप फार असलेल्या जंगली मुलुखात ही मच्छरदाणी म्हणजे कवच आहे.

इतके करूनही ताप आलाच, तर तेल, काढा, अंगारा यांत दिवस घालवू नका. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आशा कार्यकर्तीकडे, उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. हिवताप निघाला तर गोळ्या ठरवून दिलेल्या दिवसांपर्यंत पुऱ्या घ्या. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर जंतू यकृतात दडून राहू शकतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा डोके वर काढतो.

गाफीलपणाची किंमत आपल्या देशाने एकदा मोजली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, १९५८ साली तिचे निर्मूलनाच्या मोहिमेत रूपांतर झाले. घरोघर डीडीटीची फवारणी झाली, आणि १९६५च्या सुमारास रुग्णांचा आकडा एक लाखावर उतरला. सगळ्यांना वाटले, जिंकलो! हात सैल पडले, डासांना डीडीटी पचू लागले, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. एवढ्या मोठ्या मोहिमेची ही गत झाली. मग एका बाटलीवर विसंबून राहणाऱ्या घराची काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

आता शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. हे भाषण वर्गात नुसते वाचून दाखवू नका, मुलांच्या हातून करवून घ्या. टीपकागदाचा प्रयोग मी सांगितलाच. दुसरा असा: काचेच्या बरणीत डबक्यातले अळ्या असलेले पाणी घ्या, तोंडाला बारीक कापड घट्ट बांधा, आणि मुलांना रोज टिपण ठेवू द्या. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी तरंगते ती ॲनॉफेलीसची अळी. डोके खाली करून तिरपी लोंबते ती क्युलेक्सची किंवा एडिसची. आठवड्याभरात कोष होईल, डास निघतील. बरणी उघडण्यापूर्वी ती उन्हात ठेवून डास मेल्याची खात्री करा, नाहीतर शाळेनेच गावात डास सोडले असे व्हायचे! तिसरे काम शनिवारी सकाळच्या शाळेनंतरचे. पाच-पाच मुलांच्या तुकड्या करून एकेका आळीतली पाण्याची भांडी मोजायला लावा: उघडी किती, झाकलेली किती, अळ्या असलेली किती. आकडे फळ्यावर लिहा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मोजा. आकडा उतरलेला दिसला की मुलांना जो हुरूप येतो, तो कुठल्याही व्याख्यानाने यायचा नाही. आणि मूल जेव्हा घरी जाऊन म्हणते, "आजी, तुझ्या रांजणात अळ्या आहेत," तेव्हा रांजण त्याच दिवशी घासला जातो, हा अनुभव तुम्हांलाही येईल.

तेव्हा, श्रोतेहो, परसातला गवती चहा राहू द्या, रानातला रोशा राहू द्या, निंबोळ्या गोळा करा, तेल जरूर लावा. आपल्या मातीतले आहे, गुणाचे आहे, संध्याकाळचा तासभर ते तुमची राखण करील. पण राखणदार ठेवला म्हणून कुणी घराची दारे सताड उघडी टाकून झोपत नाही. वासाचे कुंपण अंगाला, मच्छरदाणीचे कुंपण खाटेला, आणि पाण्यावर झाकण साऱ्या गावाला, अशी तिन्ही एकत्र आली की तो बिनबोलावता पाहुणा दारातूनच परत जाईल.

आज घरी एवढेच करा. भाषण संपले की कंदील किंवा विजेरी घ्या आणि मागच्या अंगणात एक फेरी मारा. पाणी साचलेले एक तरी भांडे तुम्हांला सापडेल. ते उद्यावर न टाकता आत्ताच पालथे घाला.